डाळीऐवजी तूर, तांदळाऐवजी धान

ताटातलं अन्न येतं कुठून आणि त्याच्या मुळापर्यंत जायचं कसं, याबद्दल नागपूरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. भाव आठवड्याला बदलतात म्हणून दिलेले नाहीत. प्रमाणं दिली आहेत, त्यावरून हिशेब घरी करता येईल.

आमच्याकडे पूर्वी उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचे. आता दर महिन्याला दुकानातून पाकिटं येतात. चार माणसांचं घर, फ्लॅट लहान. पुन्हा भरणं सुरू करायचं तर सुरुवात कशापासून करावी?
— वाचक, मानेवाडा

सगळं एकदम भरू नका. पहिल्या वर्षी फक्त तूर घ्या. विदर्भात भरपूर पिकते, रोज लागते आणि गव्हाइतकी जागा अडवत नाही. पण डाळ घेऊ नका, आख्खी तूर घ्या.

कारण डाळ झाल्यावर तिचा माग संपतो. डाळ मिलमध्ये आपल्याकडची तूर फुटते, तशी म्यानमारहून येणारी ‘लेमन’ तूर फुटते, मोझांबिक आणि टांझानियाचीही फुटते. पाकिटावर मिलचा किंवा पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता असतो, शेताचा नसतो. आख्ख्या तुरीत निदान काही दिसतं: मारोती आणि आशा हे वाण लालसर, बीडीएन ७११ पांढरी. दाणे एकसारखे आहेत की दोन-तीन ठिकाणचा माल एकत्र केलाय, हे तळहातावर मूठभर घेतलं तरी कळतं.

चौघांच्या घरात रोजच्या वरणाला १०० ते १२० ग्रॅम डाळ लागते असं धरलं, तर वर्षाला सुमारे ४० किलो होते. तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल. एक आठवडा डाळ वजन करून शिजवा आणि ५२ ने गुणा. गावातल्या छोट्या मिलवर तुरीची ७० टक्क्यांच्या आसपास डाळ पडते, म्हणजे ४० किलो डाळीसाठी ६० किलो तूर हवी. घरच्या जात्यावर उतारा याहून कमी येतो, कारण चुरा जास्त होतो.

तूर डिसेंबरअखेर ते जानेवारीत निघते. फेब्रुवारीत शेतकऱ्याकडे ती वाळलेली असते, तेव्हा घ्या. कळमन्याच्या बाजार समितीत आवक भरपूर असते, पण तिथे व्यवहार क्विंटलचा आणि अडत्यामार्फत. ६० किलोसाठी थेट शेतकरी गाठणं सोयीचं. त्याला चार गोष्टी विचारा: वाण कोणता, कुठल्या शिवारातली, कधी काढली, काढणीच्या वेळी पाऊस लागला होता का. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भिजलेल्या शेंगांतली तूर काळपट पडते, तिला बुरशीचा वास येतो आणि ती कितीही वाळवली तरी सुधारत नाही. दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज होऊन तुटला तर वाळलेला आहे, दबला तर ओल आहे.

डाळ करण्याच्या दोन रीती आहेत. ओल्या रीतीत तूर सहा-आठ तास भिजवतात, निथळून ओल्या पोत्याखाली रात्रभर ठेवतात, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात आणि जात्यावर भरडून पाखडतात. ही डाळ दिसायला छान, पण शिजायला वेळ घेते. कोरड्या रीतीत यंत्रावर दाण्याला आधी ओरखडे पाडतात, तेल चोळून रात्रभर ठेवतात, वाळवतात, पाण्याचा हबका देऊन पुन्हा वाळवतात, मग फोडतात. या डाळीच्या कडा थोड्या घासल्या जातात, पण ती लवकर शिजते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल अनेक गावांत आणि बचत गटांकडे आहे, तिच्यावर कोरड्या रीतीनं काम होतं. आमचं मत: पहिल्यांदा करणाऱ्यांनी मिनी मिलवरूनच करून घ्यावी आणि ‘पॉलिश नको’ असं आधीच सांगावं. पॉलिशसाठी पाणी, तेल, काही ठिकाणी शंखजिऱ्याची पूड वापरतात. त्यानं चकाकी येते, बाकी काही नाही. चुनी (डाळीचा चुरा) आणि टरफल मजुरीत धरायचं की परत घ्यायचं, हेही आधीच ठरवा. चुनी हा जनावरांचा चांगला खुराक आहे, तिला पैसा आहे.

हे सगळं मार्च ते मेमध्ये उरकायला हवं. जुलैत तूर मिलवर नेली तर वाळवायला ऊन नसतं, साल सुटत नाही आणि अर्धा माल चुऱ्यात जातो. शिवाय आख्खी तूर पावसाळ्यात ठेवली की भुंगे लागतात. भुंग्याची मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते आणि कीड दाण्यातून घरी येते, गोल छिद्रं दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. फोडलेल्या डाळीला हा त्रास फार कमी.

भरताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उन्हातून काढलेली गरम डाळ तशीच कोठीत ओतणं. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं, वरचा थर बुरसतो. रात्रभर सावलीत पसरून गार करा, सकाळी भरा. किलोला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, या हिशेबानं एरंडेल चोळा. ४० किलोला २०० मिली पुरतं. बोरिक पावडर लावू नका, ती खाण्याची वस्तू नाही. आणि धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्या घरात आणूच नका. ओलीशी संबंध आला की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. गोदामातही त्या प्रशिक्षित माणसानंच वापरायच्या असतात.

गव्हाकडे दुसऱ्या वर्षी वळा. तो मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि चौघांना वर्षाला दोन क्विंटलच्या वर लागतो. जागेचा प्रश्न तिथे खरा उभा राहतो.

दुकानात एचएमटी, जय श्रीराम, चिन्नोर अशी नावं लिहिलेले कट्टे असतात. आत तोच तांदूळ असतो का?
— वाचक, प्रतापनगर

नावावर विसंबू नका. एचएमटी हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल ३’ या वाणातून निवडून तयार केलेला धान. आज मात्र दुकानात बारीक, लांबट दिसणाऱ्या बऱ्याच तांदळांवर हेच नाव चिकटवलेलं दिसतं. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे. तो सुवासिक, पण उशिरा येणारा आणि उत्पन्नाला कमी, म्हणून फार स्वस्तात मिळाला तर शंका घ्यावी. शिजताना घरभर दरवळला नाही तर तो चिन्नोर नव्हे.

इथेही एक पायरी मागे जाता येतं. तांदूळ न घेता धान घ्या. धान दिवाळीच्या पुढेमागे निघतो. मौदा, रामटेक, भिवापूर, कुही, पुढे भंडारा जिल्हा, हा सगळा धानाचा पट्टा नागपूरहून तासा-दीड तासाच्या आत सुरू होतो. १०० किलो धानाचा कण्यांसकट ६५ किलोच्या आसपास तांदूळ पडतो. बाकी तूस आणि कोंडा. रोज पाव किलो भात करणाऱ्या घराला वर्षाला ९० किलो तांदूळ, म्हणजे सुमारे १४० किलो धान.

फ्लॅटमध्ये एवढा धान ठेवायची गरज नाही. शेतकऱ्याशी असं ठरवा की धान त्याच्याच घरी राहील आणि तो दर दोन महिन्यांनी १५ किलो तांदूळ भरडून देईल. पैसे निम्मे आधी, निम्मे शेवटी. यात दोघांचाही फायदा आहे: तुसात असलेला दाणा किडीपासून बराच सुरक्षित राहतो, आणि शेतकऱ्याला काढणीच्या आठवड्यात मिळेल त्या भावाला धान विकावा लागत नाही. नवा तांदूळ चिकट होतो, सहा महिने जुन्या धानाचा भात मोकळा होतो. म्हणून पहिली खेप एप्रिल-मेच्या आधी मागवू नका.

भरडताना ‘एकच पॉलिश’ सांगा. अजिबात पॉलिश न केलेला हातसडीसारखा तांदूळ हवा असेल तर एका वेळी महिन्याभराचाच घ्या, कारण कोंड्यातलं तेल खवट होतं आणि त्याला सोंडे लवकर लागतात. आणि गव्हासारखा तांदूळ उन्हात टाकू नका. मेच्या उन्हात दाण्याला बारीक तडे जातात आणि भात करताना कण्या होतात. वाळवायचाच तर पंख्याखाली, सावलीत.

कॉटन मार्केटमधून भाजी आणली म्हणजे ती जवळपासची असते ना?
— वाचक, इतवारी

काही असते, काही नसते, आणि ते ऋतूवरून बरंचसं ओळखता येतं. आलू आणि कांदे बहुतेक बाहेरून येतात. हिवाळ्यात वांगी, सांभार (कोथिंबीर), पालक, मेथी, फुलकोबी, पोपट शेंगा जिल्ह्यातल्या असण्याची शक्यता चांगली. पावसाळ्यात ढेमसं, दोडके, बरबटी, काटवल. भर मेमध्ये लुसलुशीत फुलकोबी दिसली तर ती इथली नाही, कारण आपल्या उन्हात तिचा गड्डा धरत नाही.

विक्रेत्याला ‘ताजी आहे का’ असं विचारून उपयोग नाही. ‘कुठल्या गावची, आणि पुढच्या महिन्यात तुमच्याकडे काय निघेल’ असं विचारा. स्वतः पिकवणारा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो.

रानभाज्या मात्र शंभर टक्के इथल्याच. तरोट्याचा पाला पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कोवळा असतो, पुढे कडवट आणि राठ होतो. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कापून पाण्यात उकळल्याशिवाय आणि ते पाणी फेकल्याशिवाय खाऊ नका. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे घटक असतात. टेकोडे, म्हणजे रानातली अळिंबी, ओळखीच्या आणि वर्षानुवर्षं विकणाऱ्या बाईकडूनच घ्या, फोटो पाहून स्वतः गोळा करू नका. विषारी जातींना शिजवून काही फरक पडत नाही.

लाकडी घाण्याचं फल्ली तेल रिफाइंडपेक्षा इतकं महाग का? आणि खरं कसं ओळखायचं?
— वाचक, सक्करदरा

ओळखायची सोपी वाट वास किंवा रंग नाही, हिशेब आहे. घाण्यावर १० किलो फल्लीदाण्यांतून, म्हणजे शेंगदाण्यांतून, साधारण ४ किलो तेल निघतं. म्हणजे एक किलो तेलाला अडीच किलो दाणे. बाजारातल्या चांगल्या दाण्याचा किलोचा भाव अडीचनं गुणा, त्यात घाण्याची मजुरी मिळवा, ढेपेची किंमत वजा करा. विकणारा याच्यापेक्षा खूप खाली भाव सांगत असेल तर त्यात दुसरं तेल आहे, किंवा दाणे असे आहेत जे तुम्ही डोळ्यांनी पाहिले तर घेणार नाही. किलो आणि लिटरमध्ये गफलत करू नका: एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. बाटलीवर ‘ब्लेंडेड’ असं बारीक अक्षरात लिहिलंय का तेही पाहा. मिश्र तेलात प्रत्येक तेल किमान २० टक्के असावं लागतं, पण पुढच्या बाजूचं मोठं चित्र शेंगेचं असू शकतं.

सर्वांत चांगलं म्हणजे दाणे स्वतः घेऊन जाणं. १० किलो दाणे निवडायला दोन माणसांना एक दुपार लागते, आणि ही दुपार वाया गेली असं मानू नका. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी आलेले दाणे एकूणएक काढा. भुईमुगाच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असतं. रिफायनिंगमध्ये ते बरंचसं निघून जातं, घाण्यावर जात नाही. घाण्याचं तेल आरोग्याचं म्हणून घ्यायचं आणि दाणे न पाहता घ्यायचं, यात काही अर्थ नाही.

दाणे ओलसर असतील तर तेल गढूळ येतं आणि कढईत फेसाळतं, म्हणून आदल्या दिवशी ऊन द्या. घरी आणलेलं तेल स्टीलच्या भांड्यात तीन-चार दिवस न हलवता ठेवा, वरचं निवळ ओतून घ्या, तळाचा गाळ बाटलीत जाऊ देऊ नका. गाळातल्या ओलीनं तेल खवट होतं.

जवसाचा उतारा कमी: १० किलोला ३ किलोच्या आसपास. आख्ख्या करडईचा त्याहून कमी, अडीच किलो. जवसाचं तेल हवेशी फार लवकर बिघडतं, म्हणून थोडं काढा, गडद बाटलीत ठेवा, महिन्या-दोन महिन्यांत संपवा आणि त्यात तळू नका. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी जवस भाजून चटणी करावी, ते तेलापेक्षा सोपं आणि टिकाऊ.

जुलै-ऑगस्टमध्येही नागपुरात ‘नागपुरी संत्री’ मिळतात. ती खरंच इथली असतात का?
— वाचक, वर्धा रोड

बागेतून ताजी तोडलेली नाहीत. आपल्या संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराला हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तयार होतं. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात, फूल जून-जुलैत, फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. म्हणजे मे ते सप्टेंबर काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शीच्या बागांत तोडायला पिकलेलं फळ नसतं. त्या काळात हातगाडीवर जे दिसतं ते शीतगृहातलं किंवा बाहेरून आलेलं.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते ओळखायचं सालीवरून: साल सैल, बोटानं सहज सुटते, देठाकडे थोडी मान उचललेली असते आणि मधला गाभा पोकळ. पंजाब-राजस्थानचा किनो जास्त चकचकीत, साल फोडींना चिकटलेली आणि बिया भरपूर. परदेशी माल घट्ट सालीचा, सुरीशिवाय सुटत नाही.

रंगावर जाऊ नका. सालीला केशरी रंग रात्रीच्या गारव्यानं चढतो. ऑक्टोबरचं पहिल्या तोडीचं फळ हिरवट-पिवळं असूनही आतून गोड असू शकतं. बागेत जाऊन घेणार असाल तर तोड कात्रीनं करायला सांगा, देठाचा बारीक तुकडा फळाला राहिला पाहिजे. ओढून तोडलं की देठापाशी साल फाटते आणि तिथूनच दोन-तीन दिवसांत फळ सडायला लागतं. अशी फळं वेगळी काढून आधी खा. बाकीची प्लास्टिकमध्ये न बांधता पसरून ठेवली की आठवडाभर चांगली राहतात.

‘जैविक’, ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ असं लिहिलेलं महाग धान्य घ्यावं का? खात्री कशी करायची?
— वाचक, धरमपेठ

‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘देशी’ हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. जैविक मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असतं आणि ते राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रमाखाली किंवा पीजीएस-इंडिया या सहभागी पद्धतीनं प्रमाणित झालेल्या मालावर लागतं. ‘पीजीएस ग्रीन’ दिसलं तर ते शेत अजून रूपांतराच्या काळात आहे असं समजा. हंगामी पिकांना हा काळ दोन वर्षांचा, फळबागांना तीन वर्षांचा. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण त्याला ते चिन्ह वापरता येत नाही. म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका.

पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक वेगळा. १ नं सुरू होणारा परवाना, २ नं सुरू होणारी नोंदणी. त्यावरून व्यवसाय कुणाचा आणि कुठला हे कळतं, शेत कुठलं ते कळत नाही.

थेट घेणार असाल तर शेतकऱ्याला तीन गोष्टी विचारा: शेणखत कुठून आणता, तणाचं काय करता, अळी आली तेव्हा काय फवारलं. खरं जैविक करणारा तणाबद्दल विचारलं की थांबतच नाही, कारण त्याचा सगळा पैसा निंदणाच्या मजुरीत जातो. ‘आमच्याकडे काही त्रासच नाही’ हे उत्तर सर्वांत संशयास्पद. सातबाऱ्यावरच्या नमुना बारामध्ये त्या वर्षीची पिकं नोंदलेली असतात, तेव्हा मोठा, कायमचा व्यवहार करताना ते पाहता येतं. पण पहिल्याच भेटीत सातबारा मागणं बरं दिसत नाही. एकदा शेतावर जाऊन या, ते जास्त उपयोगी.

मुलांना शेत दाखवायचं आहे. रिसॉर्ट नको, खरं शेत हवं. कधी आणि कुठे न्यावं?
— वाचक, खामला

ज्यांच्याकडून तूर किंवा धान घेता त्यांच्याकडेच न्या, आणि कामाच्या दिवसांत न्या. जुलैत धानाची रोवणी असते. पऱ्ह्यांची जुडी हातात घेऊन चिखलात दोन ओळी लावल्या तरी तांदूळ म्हणजे किती वाकणं आहे ते मुलांना समजतं. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडे धान संपलेला असतो, तेव्हा पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे जा: संत्र्याची तोड, कापसाची वेचणी आणि उभी तूर एकाच दिवसात दिसते. ज्वारी असेल तर हुरडाही. सकाळी लवकर पोचा आणि दुपारी परता, कारण मजुरांचं काम सकाळीच जोरात असतं. त्यांच्या कामात आडवं येऊ नका आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा की फवारणी कधी झाली. औषधाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो, त्यातला लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले होते, तेव्हा हे गंभीरपणे घ्या. त्या आठवड्यात फवारलेल्या कपाशीत किंवा बागेत मुलांना नेऊ नका, पुढचा रविवार ठरवा. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि झाडावरचं फळ मुलांच्या हाती देण्याआधी धुवायला जवळ पाणी असू द्या.